ओढण्याची ताकद आणि सावरण्याची ताकद: छोट्या पिकअपमागे भरलेला ट्रेलर जोडण्यापूर्वी

छोट्या पिकअपच्या जाहिरातीत एक आकडा हमखास ठळक अक्षरांत छापलेला असतो: टोइंग क्षमता, समजा, २००० किलो. वाचणाऱ्याला वाटते की मागे २००० किलोपर्यंतचे काहीही जोडावे आणि निघावे. दुसरीकडे याच गाड्यांच्या चित्रफिती फोनवरून फिरत असतात. रस्ता सरळ आणि कोरडा असतो, गर्दी नसते, आणि तरीही मागचा ट्रेलर अचानक डावीकडे झुलतो, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे, आणि चार-पाच हेलकाव्यांत पिकअपसकट आडवा होतो. ट्रेलर क्षमतेपेक्षा हलका होता असे नंतर कळले की लोक आणखी गोंधळतात. वजन मर्यादेत होते, तर मग चुकले काय?

या प्रश्नाचे उत्तर त्या ठळक आकड्यात मिळत नाही. गाडी किती ओढू शकते एवढेच तो सांगतो. ओढत असलेले वजन ती सरळ रेषेत ठेवू शकेल का आणि हवे तेव्हा थांबवू शकेल का, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक गोष्टी गाडी बनवणाऱ्याच्या हाती नसून ट्रेलर भरणाऱ्याच्या हाती असतात.

टोइंग क्षमतेचा आकडा येतो कुठून

पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढत असे, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करणे जवळजवळ निरर्थक होते. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने २००८ साली ‘जे २८०७’ नावाचे मानक प्रसिद्ध केले आणि टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते सर्वांत आधी स्वीकारले. या मानकाची सर्वांत प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, डेव्हिस धरणापासून वर चढणाऱ्या सुमारे १८ किलोमीटरच्या रस्त्यावरची आहे. तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असताना, एसी चालू ठेवून, नेहमीच्या पिकअपने पूर्ण वजनाचा ट्रेलर घेऊन हा चढ ताशी किमान ६४ किलोमीटरच्या वेगाने चढावा लागतो. ब्रेक, वळणे आणि हेलकाव्यांच्या चाचण्याही त्यात आहेत. म्हणजे आकडा हवेतून काढलेला नसतो. मात्र तो काढताना गाडीत साधारण ६८ किलोच्या दोनच व्यक्ती आहेत आणि हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या जोडणीच्या, साहित्याखेरीज दुसरे फारसे सामान नाही, असे धरलेले असते. शिवाय चाचणीचा ट्रेलर काटेकोरपणे, योग्य जागी वजन ठेवून भरलेला असतो. आपला ट्रेलर तसा भरलेला असतो का, हा पुढच्या सगळ्या विवेचनाचा गाभा आहे.

पेलोड आधी संपतो

इथे तीन संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. पहिली आहे गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा, जिला जीव्हीडब्ल्यू म्हणतात. इंधन, माणसे, सामान आणि ट्रेलरच्या दांडीने मागून टाकलेला भार हे सगळे धरून पिकअपच्या चारही चाकांवर मिळून किती वजन चालेल, ते ही मर्यादा सांगते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरतो तो पेलोड, म्हणजे आपण गाडीवर लादू शकतो तो भार. तिसरी आहे जोडवजनाची मर्यादा: पिकअप आणि ट्रेलर, दोन्ही सगळ्या भारासह मिळून. हे आकडे चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतात. ट्रेलरबद्दल बोलण्याआधी ती पट्टी वाचावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा पेलोड वेगवेगळा असू शकतो. महागड्या आवृत्तीतील जास्तीचे साहित्य पेलोडमधूनच वजा झालेले असते.

आता एक कल्पित पिकअप घेऊ. रिकामे वजन १८५० किलो, एकूण वजनाची मर्यादा २५०० किलो, म्हणजे पेलोड ६५० किलो. जोडवजनाची मर्यादा ४००० किलो आणि जाहिरातीतील टोइंग क्षमता २००० किलो. गाडीत सरासरी ७५ किलोची चार माणसे बसली, म्हणजे ३०० किलो झाले. हौद्यात १०० किलो सामान आणि हिचचे साहित्य २५ किलो. मागे २००० किलोचा ट्रेलर जोडला आणि त्याच्या दांडीने वजनाच्या १२ टक्के, म्हणजे २४० किलो भार गाडीवर टाकला, तर बेरीज ६६५ किलो होते. पेलोड १५ किलोने ओलांडला गेला.

जोडवजनाचा हिशेब याहून कठोर आहे. माणसे, सामान आणि हिच धरून पिकअप २२७५ किलोची झाली. ४००० मधून ते वजा केले की ट्रेलरसाठी १७२५ किलो उरतात, आणि त्यांत ट्रेलरचे स्वतःचे वजनही आले. तो ५०० किलोचा असेल, तर प्रत्यक्ष माल १२२५ किलोच भरता येईल. ‘दोन टन ओढणाऱ्या’ गाडीत कुटुंब बसले की मालाची मर्यादा सव्वा टनापाशी येते, ती अशी. गाडी विकणाऱ्याने हा हिशेब ग्राहकाला कागदावर करून दाखवायला हवा असे मला मनापासून वाटते. तो दाखवला जात नाही, म्हणून तो आपणच करायचा.

दांडीवरचा भार आणि तरफेचा खेळ

ट्रेलरची पुढची दांडी पिकअपच्या मागे बसवलेल्या जोडणीवर टेकते. त्या जोडणीला हिच म्हणतात, हिचवर एक पोलादी गोळा असतो आणि दांडीच्या टोकाला त्या गोळ्यावर बसणारी वाटी असते, ती कपलर. दांडी गोळ्यावर जेवढ्या वजनाने खाली दाबते, त्याला या लेखात ‘दांडीचा भार’ म्हणू.

हा भार हौद्यात ठेवलेल्या सामानासारखा नसतो. हौद्यातील सामान बहुतांशी मागच्या एक्सलच्या वर किंवा त्याच्या जवळ असते. हिच मागच्या एक्सलच्याही मागे असतो. त्यामुळे पिकअप ही तरफ बनते आणि मागची चाके तिचा टेकू. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल, हिच मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे असेल आणि दांडीचा भार २०० किलो असेल, तर मागच्या चाकांवर २०० नव्हे, २८० किलो वाढतात. वरचे ८० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात. वळण्याचे सगळे आणि थांबण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. ती हलकी झाली की स्टिअरिंग सैल, तरंगल्यासारखे लागते, आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पिकअप जितकी लहान आणि हलकी, तितका हा परिणाम ठळक.

मग दांडीचा भार कमीत कमी ठेवावा, हे ओघाने आले असे वाटेल. नेमके हेच करून लोक संकटात सापडतात.

बैलगाडी उलाळते तेव्हा

दोन चाकांची बैलगाडी भरणाऱ्याला हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक असते. माल पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर जड होते. मागे जास्त झाला की गाडी उलाळते, दांडी वर उचलली जाते. जाणकार गाडीवान माल थोडा पुढे झुकता ठेवतो. एका एक्सलचा ट्रेलर म्हणजे याच रचनेची गाडी आहे. फरक वेगाचा आहे. बैलगाडी उलाळली तर ती जागच्या जागी कळते; ट्रेलर उलाळलेला असेल तर ते ताशी ९० किलोमीटरला कळते.

थोडा हिशेब केला की किती थोडक्यात बिघडते ते दिसेल. ट्रेलर मालासह १२०० किलोचा आहे आणि गोळ्यापासून त्याच्या एक्सलपर्यंत साडेतीन मीटर अंतर आहे. मालाचा गुरुत्वमध्य एक्सलच्या ४२ सेंटिमीटर पुढे असेल, तर दांडीचा भार १४४ किलो, म्हणजे १२ टक्के येतो. आता त्यातील २०० किलोचे एक यंत्र, बांधायला सोपे म्हणून, एक मीटर मागे सरकवले. एकूण वजन तेच राहिले, पण दांडीचा भार ५७ किलोने घटून ८७ किलो, म्हणजे ७ टक्क्यांवर आला. सगळ्या मालाचा मध्य एक्सलच्या बरोबर वर आणला, तर भार शून्य होतो. अशा वेळी ट्रेलर एका हाताने उचलून हिचवर बसवता येतो. माणसाला तो ‘छान तोललेला’ वाटतो. खरे तर ही अतिशय घातक अवस्था.

हेलकावे का वाढत जातात

ट्रेलरची चाके स्वतः वळत नाहीत, ती सरळच फिरतात. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या मोठ्या ट्रकच्या हवेच्या दाबाने ट्रेलरची शेपटी थोडी बाजूला सरकली, की तिरप्या झालेल्या टायरांवर रस्ता आडवा जोर लावतो आणि शेपटीला परत मधोमध आणतो. परत येताना ती थोडी पलीकडे जाते, पुन्हा परत येते. झोपाळ्याला कोणी ढकलत नसेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होतो, तसे कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात.

वेग वाढला की मात्र ते विरवण्याची ही क्षमता कमी कमी होत जाते. प्रत्येक जोडीचा, म्हणजे विशिष्ट पिकअप, विशिष्ट ट्रेलर आणि त्यातील मालाची विशिष्ट मांडणी यांचा, एक सीमावेग असतो. त्याच्या खाली हेलकावा मरतो, त्याच्यावर तो वाढतो. कुणीतरी झोपाळ्याला दर खेपेस धक्का द्यावा, तसा. ही रेषा रस्त्यावर आखलेली नसते. ताशी ८५ ला सगळे ठीक वाटते आणि ९५ ला एक झुळूक पुरते, म्हणून चालक नंतर प्रामाणिकपणे सांगतो की तोपर्यंत काहीही वावगे जाणवले नव्हते.

मागे जड भरलेल्या ट्रेलरचा सीमावेग खाली घसरतो. गुरुत्वमध्य एक्सलच्या मागे गेला, तर तो रोजच्या वेगातही येऊ शकतो. आणि इथेच छोटी पिकअप उघडी पडते. झुलणारा ट्रेलर गोळ्याला डावी-उजवीकडे ढकलतो, गोळा मागच्या एक्सलच्या मागे असल्यामुळे तो धक्का पिकअपची शेपटी हलवतो, आणि गाडी हलकी व आखूड असेल तर ट्रेलरच तिला वळवू लागतो. ज्याने ओढायचे, त्यालाच मागचा फिरवतो.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. गुरुत्वमध्य योग्य जागी आणला म्हणजे काम संपले असे नाही. वजन कसे पसरले आहे, हेही महत्त्वाचे आहे. खांद्यावर कावड घेऊन चालणाऱ्या माणसाची कल्पना करा. दोन्ही टोकांच्या घागरी अगदी सारख्या भरलेल्या आहेत, तोल खांद्यावर बरोबर आहे. तरी तो पटकन वळायला गेला की कावड मागे राहते, आणि वळल्यानंतर थांबायला गेला की ती पुढे जातच राहते. त्याच दोन घागरी खांद्याजवळ धरल्या, तर ही ओढाताण होत नाही. ट्रेलरच्या अगदी पुढे एक जड वस्तू आणि ती तोलायला अगदी मागे दुसरी जड वस्तू, अशी मांडणी म्हणजे रस्त्यावर धावणारी कावड. जड माल एक्सलच्या जवळ आणि त्याच्या किंचित पुढे, खाली तळाशी. हलका माल टोकांना आणि वर. साधारणपणे मालाचे ६० टक्के वजन एक्सलच्या पुढच्या भागात असावे हा प्रचलित नियम आहे, पण तो अंदाज आहे. खरी खात्री वजन करूनच होते.

दांडीचा भार घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून त्याची चाके दगड लावून रोखावीत. एक मजबूत फळी घ्यावी, तिचे एक टोक ठोकळ्यावर आणि दुसरे टोक माणसांचे वजन करण्याच्या काट्यावर ठेवावे, आणि दांडी फळीवर अशा जागी टेकवावी की ती ठोकळ्यापासून एक हात आणि काट्यापासून दोन हात अंतरावर येईल. फळीचे स्वतःचे वजन वजा करून काट्यावर येणाऱ्या आकड्याची तिप्पट म्हणजे दांडीचा भार. दांडीची उंची हिचवर असते तेवढीच ठेवावी, कारण नाक वर असलेल्या ट्रेलरचा भार मागे सरकतो आणि आकडा फसवा येतो. मोठा वजनकाटा जवळ असेल तर काम आणखी सोपे: आधी एकटी पिकअप तोलावी, मग ट्रेलर जोडून, पण त्याची चाके काट्याबाहेर ठेवून, पुन्हा तोलावी. दोन आकड्यांतील फरक हाच दांडीचा भार.

अमेरिकेत दहा टक्के, युरोपात पाच: मग खरे कोणते?

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर अमेरिकेत दांडीचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवा असे सांगतात, तर युरोपात तो साधारण ४ ते ७ टक्केच असतो आणि अनेक मोटारींच्या हिचची मर्यादाच ७५ ते १०० किलो असते. दोन्हीकडे भौतिकशास्त्र एकच आहे. बदलतो तो वेग आणि ट्रेलरची घडण. युरोपातील अनेक देशांत ट्रेलर ओढताना वेगमर्यादा वेगळी आणि कमी असते. जर्मनीत ती ताशी ८० किलोमीटर आहे आणि विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या जोडीलाच १०० ची परवानगी मिळते. कमी वेगात सीमावेग लांब राहतो, म्हणून कमी दांडीभार खपतो. एकाच गाडीची टोइंग क्षमता निरनिराळ्या देशांत वेगवेगळी छापलेली दिसते, त्यामागेही हे एक कारण आहे. यातून घ्यायचे ते एवढेच की युरोपचा दांडीभार आणि अमेरिकेचा वेग असे सोयीचे मिश्रण कोणी करू नये.

‘वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो’

हे अनेक अनुभवी चालकही छातीठोकपणे सांगतात. ओढ वाढली की ट्रेलर क्षणभर ताणला जातो, हे खरे आहे. टेबलावरची दोरी पुढून ओढली की सरळ होते आणि मागून ढकलली की नागमोडी होते, तसेच हे. पण सीमावेग ओलांडल्यामुळे जे सुरू झाले, ते त्याच्या आणखी वर जाऊन कसे थांबेल? एक्सलरेटर कायम दाबून ठेवता येत नाही, आणि ज्या क्षणी पाय निघतो त्या क्षणी वेग आधीपेक्षा जास्त असतो.

योग्य कृती मनाला पटायला कठीण, पण करायला साधी आहे. एक्सलरेटरवरून पाय हळूहळू काढावा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे आणि हेलकाव्याच्या उलट वळवण्याचा मोह टाळावा, कारण माणसाची प्रतिक्रिया नेहमी किंचित उशिरा येते आणि ती झोपाळ्याला चुकीच्या क्षणी दिलेला धक्का ठरते. पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नये. मागचे वजन पुढे रेटले जाऊन गाडी दुमडते. ट्रेलरला विद्युत ब्रेक असतील आणि त्यांचा हाताने चालणारा स्वतंत्र खटका केबिनमध्ये असेल, तर फक्त तोच हलकेच दाबावा. त्यामुळे ट्रेलर मागून ताणला जातो आणि दोरी सरळ होते. नव्या गाड्यांतील हेलकावे रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा साधारण हेच करते: एकेक चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून. ती उपयुक्त आहे, पण मागे जड भरलेला ट्रेलर तिच्या भरवशावर रस्त्यावर काढणे म्हणजे सीट बेल्ट आहे म्हणून भिंतीकडे गाडी नेणे.

हेलकावे शमल्यावर तसेच पुढे जाऊ नये. सुरक्षित जागी थांबून माल पुन्हा लावावा, कारण हेलकाव्यांचे मूळ अजून ट्रेलरमध्येच आहे.

चढापेक्षा उताराची काळजी

चढावर छोटी पिकअप धापा टाकते आणि तिचा आवाज चालकाला घाबरवतो. ४००० किलोची जोडी ७ टक्के चढावर ताशी ६० किलोमीटरने न्यायला फक्त वर उचलण्यासाठीच सुमारे ४६ किलोवॅट, म्हणजे साठेक अश्वशक्ती लागते. उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर असेल तर हवेचा अडथळा वेगळा. हवेशी झुंजण्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून ताशी ८० वरून १०० वर जाताना ती जवळजवळ दुप्पट होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अशा वेळी सतत वरखाली गिअर बदलत बसला तर त्यातील ऑइल तापते. टोइंग मोड असेल तर तो लावावा, नसेल तर वरचे गिअर रोखून धरावेत. यातले काही चुकलेच, तर गाडी तापते आणि थांबावे लागते. बहुधा नुकसान तेवढेच.

उतारावर तसे नसते. ३५०० किलोची जोडी ३०० मीटर खोल उतरली, तर सुमारे एक कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत साधारण ३० लिटर साधे पाणी उकळीला येते. ब्रेक दाबूनच उतरलो, तर ही उष्णता ताटलीएवढ्या चार चकत्यांत किंवा ड्रममध्ये जाते. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल तापले की गोष्ट आणखी गंभीर: डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हवेतील ओलावा शोषून जुने झालेले तेच ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल कापसावर पाय ठेवावा तसे फरशीला टेकते.

उपाय जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यात किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये, उतार सुरू होण्यापूर्वीच गाडी आणावी आणि इंजिनालाच वेग रोखू द्यावा. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी एकदा ठामपणे दाबून वेग उतरवावा, सोडावा, थंड होऊ द्यावा. उतारावर ट्रेलर पिकअपला ढकलतो, म्हणजे नागमोडी दोरीची स्थिती येते आणि हेलकाव्यांचा सीमावेगही खाली येतो. मंद वेगाचे हे दुसरे कारण.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे म्हणूनच चैनीची बाब नाही. युरोपीय महासंघात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे ते बंधनकारक आहेत; ऑस्ट्रेलियातही रेषा ७५० किलोवरच आहे. ओव्हररन ब्रेकमध्ये पिकअप मंदावली की ट्रेलर दांडीतील सरकता दांडा पुढे रेटतो आणि तोच दांडा ट्रेलरचे ब्रेक लावतो. विद्युत ब्रेकमध्ये केबिनमधील नियंत्रक ते काम करतो आणि त्याचा जोर प्रत्येक भारासाठी जुळवावा लागतो. रिकाम्या ट्रेलरसाठी लावलेला जोर भरलेल्याला अपुरा पडतो.

‘मागचे कमानपाटे वाढवले की झाले ना?’

मागून दबलेली पिकअप पाटे वाढवल्याने सरळ उभी राहते आणि डोळ्यांना समाधान मिळते. पण एकूण वजनाची मर्यादा केवळ पाट्यांवर ठरलेली नसते; चासी, एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांत जे सर्वांत कमकुवत, त्यावर ती ठरते. पाटे वाढवल्याने यांतले काहीही वाढत नाही. पुढच्या चाकांवरून उचललेले वजनही परत येत नाही. ते काम वजन वाटून देणारा खास हिच करतो: त्याचे ताणलेले लोखंडी दांडे पिकअपच्या शेपटीला वर उचलू पाहतात आणि काही भार पुढच्या एक्सलवर व ट्रेलरच्या चाकांवर परत पाठवतात. मात्र प्रत्येक पिकअपला तो चालत नाही, काही कंपन्या आपल्या छोट्या गाड्यांसाठी त्याला स्पष्ट मनाई करतात. पुस्तिका पाहिल्याशिवाय तो बसवू नये.

गोळा, कपलर आणि साखळ्या

युरोपात गोळा ५० मिलिमीटरचा असतो. उत्तर अमेरिकेत पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, दोन इंची आणि त्याहून मोठा असे प्रकार आहेत, आणि ते एकमेकांशेजारी ठेवले तरी पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. मोठ्या मापाचा कपलर लहान गोळ्यावर बसतो, खटकाही बंद होतो, सगळे ठीक दिसते. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उडून निघतो. माप गोळ्यावर कोरलेले असते आणि कपलरवर ठसवलेले असते. दोन्ही वाचून ताडून पाहावे.

खटका बंद केल्यावर गुडघ्यावर बसून, टॉर्च खालून मारून पाहावे: कपलरची जीभ गोळ्याच्या खालच्या बाजूला गच्च बसलेली दिसली पाहिजे, गोळ्याच्या डोक्यावर टेकलेली नव्हे. मग दांडीचा जॅक दोन-चार फेरे वर चढवावा. जोडणी खरी असेल तर जॅकबरोबर पिकअपची शेपटीही वर येते. कपलर एकटाच वर आला, तर तो बसलाच नव्हता. या परीक्षेला अर्धे मिनिट लागते. त्यानंतर दोन्ही साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत पडते. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार असेल, तर ती साखळीला अडकवू नये, पिकअपच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवावी.

टायर आणि पहिला थांबा

ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वी म्हातारे होतात. महिनोन्‌महिने उन्हात उभे राहून त्यांच्या बाजूंना बारीक भेगा पडतात आणि वरची नक्षी मात्र नवी दिसते. टायरच्या बाजूवरचा भारांक पाहावा. १०० असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो, ९१ असेल तर ६१५ किलो. हवा थंड टायरमध्ये, ट्रेलरच्या पट्टीवर सांगितलेल्या दाबाने भरावी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो, त्या दुमडण्यानेच तापतो आणि भरधाव असताना फुटतो. तो फुटण्याचा धक्का हेलकाव्यांची सुरुवात करायला पुरेसा असतो.

निघाल्यानंतर तीस-चाळीस किलोमीटरवर एकदा थांबावे. माल बसतो, पट्टे सैल होतात. ते पुन्हा ताणावेत. मग ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ, हबपाशी, हाताची मागची बाजू न टेकवता धरावी. सगळे हब सारखेच कोमट लागले तर पुढे निघावे. एखादा इतरांहून स्पष्टपणे गरम असेल, तर तिथले बेअरिंग कोरडे पडले आहे किंवा ब्रेक अडकला आहे, आणि ते चाक उघडल्याशिवाय तो ट्रेलर तिथून हलवू नये.